पंधराचे तेरा झाले आणि कुणालाच कळलं नाही

पाणीपट्टीच्या दोन दिवसांची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. आमची होती.

एका नगरपालिकेच्या पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळत होतो. नियम साधा. बिल निघाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर ठीक, नंतर विलंब शुल्क. हा १५ चा आकडा प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नव्हता, तो एका वेगळ्या फाइलमध्ये होता. सेटिंग्जची फाइल म्हणा, आमच्या भाषेत कॉन्फिग फाइल. दर, मुदत, दंड सगळं त्यात. उद्या ठराव होऊन मुदत बदलली तर प्रोग्रॅमला हात न लावता फाइलमधला आकडा बदलायचा. सोय म्हणूनच ती असते.

एकदा आमच्यातल्या एकाने ती फाइल जरा नीटनेटकी केली. वरच्या ओळीत १०० होतं, त्याच्याखाली रांग जुळावी म्हणून १५ चं ०१५ केलं.

तुम्ही-आम्ही ०१५ वाचलं तर पंधराच म्हणणार. पण आमची फाइल यामल नावाच्या प्रकारातली होती आणि तिच्या १.१ या जुन्या आवृत्तीचा नियम असा, की शून्याने सुरू होणारा आकडा दशमान नव्हे, अष्टमान धरायचा. म्हणजे त्यातला १ दहाचा नाही, आठाचा. आठ आणि पाच, तेरा.

सॉफ्टवेअरने निमूटपणे १३ दिवसांची मुदत धरली. कुठे सूचना नाही, लाल अक्षर नाही. बिलाचा कागद मात्र आधीच छापून घेतलेला, त्यावर 'पंधरा दिवसांच्या आत' असं ठळक लिहिलेलं. चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला दंड लागला. भांडणं झाली. एक निवृत्त मास्तर तर भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आले आणि खिडकीवर बोटाने दिवस मोजून दाखवायला लागले. खिडकीतला कारकून म्हणाला, "मास्तर, मला पटतंय हो, पण सिस्टिम ऐकत नाही."

मास्तरांनी लेखी तक्रार केली म्हणून गोष्ट आमच्यापर्यंत आली. लोकांचा दंड पुढच्या बिलात वळता करून दिला. कारकुनाने खाल्लेल्या शिव्या कुणी वळत्या केल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे चाचण्या नव्हत्या का? होत्या की! दंडाच्या हिशोबाच्या शेकडो चाचण्या, प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या. त्या दिवशीही सगळ्या हिरव्या होत्या. कारण प्रत्येक चाचणीत मुदत आम्ही स्वतः १५ अशी हाताने भरलेली. खरी फाइल उघडायची, वाचायची आणि त्यातून नेमकं काय हाती लागतं ते बघायचं, अशी एकही चाचणी नव्हती. हिशोब बरोबर होता हो. हिशोबाला दिलेला आकडा चुकीचा होता.

म्हणाल, चौघांच्या टीमचं काय घेऊन बसलात? बरं, मोठ्यांचं बघू.

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभर विंडोजच्या निळ्या पडद्यांचा दिवस. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दिवशी अनेकांनी 'सायबर हल्ला' म्हणून पोस्टी टाकल्या. हल्ला वगैरे काही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक फाइल पाठवली होती. कंपनी स्वतःच या फायलींना कॉन्फिगरेशन फाइल म्हणते. त्या फाइलमधल्या नियमाला २१ रकाने लागत होते, आणि ती वाचणारा प्रोग्रॅम २०च पुरवत होता. एकविसावा रकाना बघायला गेला तो आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत, आणि अख्खा कॉम्प्युटर आडवा झाला.

हे आधी का सापडलं नाही? आधीच्या चाचण्यांत त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे तो कधी तपासलाच गेला नाही. फायली तपासणारं एक वेगळं यंत्र होतं, त्याने २१ रकाने मिळणार असं गृहीत धरून फाइल पास केली. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, पण पडलेली मशिनं उठेनात. बऱ्याच ठिकाणी माणसाने एकेका मशिनपाशी जाऊन हाताने ती फाइल काढावी लागली.

दुसरं उदाहरण १८ नोव्हेंबर २०२५ चं. दुपारी पाचच्या सुमाराला एक्स, चॅटजीपीटी आणि बऱ्याच साइट्स उघडेनाशा झाल्या. कारण क्लाउडफ्लेअर. त्यांच्या डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल झाला, त्यामुळे आपोआप तयार होणाऱ्या एका फाइलमध्ये त्याच त्या नोंदी पुन्हा आल्या आणि फाइल दुप्पट झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची मर्यादा २०० नोंदींची. त्यापेक्षा जास्त आल्या तर काय करायचं, हे धड ठरवलेलं नव्हतं. प्रोग्रॅम कोसळला. नंतर कंपनीने कबूल केलं, की आपणच तयार केलेल्या फायलीही यापुढे बाहेरच्या माणसाने दिलेल्या मजकुरासारख्याच तपासून घेऊ.

मला वाटतं सगळं सार इथेच आहे. ग्राहक फॉर्म भरतो तेव्हा आपण दहा वेळा तपासतो: फोन नंबर दहा आकडी आहे का, पिनकोड बरोबर आहे का. पण घरच्या फाइलवर डोळे मिटून विश्वास. ती तर आपलीच ना!

यावर चाचणी काय करायची? फार अवघड नाही.

एक, जी फाइल खरोखर वापरात जाणार तीच चाचणीत उघडायची. वाचून हातात आलेला आकडा ठरावातल्या आकड्याशी ताडून बघायचा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ही चाचणी आपोआप चालली पाहिजे.

दोन, मुद्दाम बिघडवलेल्या फायलींचा एक साठा ठेवायचा. एकीत मुदत रिकामी. एकीत ०१५. एकीत नुसत्या आकड्याऐवजी '१५ दिवस'. एकीत इंग्रजी अंकांऐवजी मराठी अंक. एकीत तारीख ०५/०६, म्हणजे पाच जून की सहा मे? एकीत 'मुदत' या नावाचंच स्पेलिंग चुकलेलं, कारण अनोळखी नाव दिसलं की पुष्कळ प्रोग्रॅम ते गपचूप सोडून देतात आणि स्वतःच्या पोटातला आकडा वापरतात. एक फाइल अर्धीच कॉपी झालेली, एक मर्यादेच्या दुप्पट. प्रत्येकीचं काय व्हायला हवं ते आधी लिहून ठेवायचं, आणि तसंच होतंय ना हे यंत्राकडून रोज तपासून घ्यायचं.

तीन, नवी फाइल बिघडलेली असेल तर प्रोग्रॅमने कोसळायचंही नाही आणि अंदाजही बांधायचा नाही. कालची चांगली फाइल चालू ठेवायची आणि नवी का नाकारली ते माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचं. हे 'सांगणं'सुद्धा चाचणीत तपासायचं.

चार, नवी फाइल एकदम सगळीकडे सोडायची नाही. आधी एका वॉर्डात, मग गावात.

टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पाच नावाजलेल्या प्रणालींमधले १९८ बिघाड तपासले होते. त्यात जे सगळ्यात मोठे होते, त्यांतल्या ५८ टक्के बिघाडांमागची चूक साध्या चाचणीने आधीच सापडली असती. चाचणी कसली? काही बिनसल्यावर प्रोग्रॅम काय करतो, एवढंच बघण्याची.

आता नेहमीचे आक्षेप. 'फाइल भरणाऱ्याने नीट भरायला नको का?' हवीच. पण माणूस चुकणार हे गृहीत धरूनच पूल बांधतात, रेल्वेचे सिग्नल लावतात. आमच्या पोराने तर चूकही केली नव्हती, रांग जुळवली होती. 'वेळ कुठे आहे?' आम्हाला या चाचण्या लिहायला चौघांचे मिळून दोन दिवस लागले. दंड परत करण्याचा हिशोब करायला तीन आठवडे. 'सेटिंग पटकन बदलता यावं म्हणून तर फाइल वेगळी ठेवतो, तिथेही चाचण्या घातल्या तर उपयोग काय?' अहो, चाचण्या दोन मिनिटांत चालतात. दोन मिनिटं थांबता येत नसेल असा ठराव मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणि हे फक्त आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं नाही, म्हणून ते इथे मांडतोय. आज घरपट्टी, वीजबिल, रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा सगळं कुठल्या ना कुठल्या फाइलमधल्या आकड्यावर चालतं. सभागृहात ठराव होतो, शासन निर्णय निघतो, पण तुमच्या खिशाला लागू होतो तो फाइलमधून वाचलेला आकडा. सरकारी वेबसाइट सुरू करण्याआधी सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. चांगलंच आहे. चोर आत शिरू नये याची काळजी घेतली. पण घरातल्याच कागदावरचा आकडा यंत्राने बरोबर वाचला का, याची काळजी कोण घेणार?

माझी मागणी छोटी आहे. लोकांच्या पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये एक अट घाला: सेटिंग्जची फाइल वाचण्याच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या, बिघडवलेल्या फायलींसकट, प्रोग्रॅमबरोबर ताब्यात द्याव्यात. आणि दर किंवा मुदत बदलली की त्या चाचण्यांचा निकाल ठरावाच्या फायलीला जोडावा. बस.

आमच्या साठ्यात ०१५ लिहिलेली ती फाइल अजून आहे. तिचं नाव आम्ही 'मास्तर' ठेवलंय. रोज रात्री ती चालते आणि रोज नाकारली जाते.

तुमच्या ओळखीत कुणी नगरसेवक, मुख्याधिकारी किंवा टेंडर लिहिणारे असतील तर त्यांना हे वाचायला द्या. आणि पुढच्या वेळी खिडकीवर 'सिस्टिम ऐकत नाही' असं कानावर आलं, तर त्या माणसावर ओरडू नका. शांतपणे लेखी तक्रार द्या, दिवस मोजून.