वारसा : यादीतला आणि भिंतींतला

मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणण्यास आरंभ झाला. तो कधी पुरा झालाच नाही. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. आज बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात तेवढी त्याची खूण उरली आहे.

खंदकाची गोष्ट एक वेळ सोडून द्यावी. परंतु उभ्या वास्तूंचीही अशीच गत होऊ लागली, तर विचार करावा लागतो. १९६० मध्ये विद्यापीठाचे सिनेट हाउस पाडले गेले, तेव्हा वारसा-वास्तूंची यादी नव्हती. पुढे महानगरपालिकेने ती केली, श्रेणीही ठरवल्या. तरीही लिटल रसेल स्ट्रीटवरील जुन्या केनिलवर्थ हॉटेलची श्रेणी खाली आणली गेली आणि मग ते पाडले गेले. वास्तू तीच, भिंती त्याच. बदलला तो कागदावरचा शेरा!

याच महानगरपालिकेने १८१३ सालच्या टाउन हॉलचा १९९८ मध्ये जीर्णोद्धार केला, हेही नमूद केले पाहिजे. खासगी वाड्याचे तसे नसते. गळके छप्पर, वाटेकऱ्यांचे तंटे, जुन्या भाडेकऱ्यांचे नाममात्र भाडे यांनी मालक मेटाकुटीला येतो. त्याला केवळ ‘पाडू नका’ असे बजावणे अन्यायाचे आहे. दुरुस्तीच्या खर्चाचा काही भार पालिकेने उचलावा, करातील सवलत त्याच्या पदरात वेळेवर पडावी. आणि श्रेणी उतरवायचीच झाल्यास त्याची कारणे आधी नागरिकांपुढे मांडावीत.