रघूजी कितवे?

नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी थोडं बोलायचं आहे. "वाचलेलं डोक्यात राहतच नाही" ही तक्रार खरी आहे. पण तिचं खापर मंद बुद्धीवर किंवा आळसावर फोडू नका.

नागपूरच्या भोसल्यांचा इतिहासच घ्या. पहिले रघूजी बंगालवर चालून गेले आणि १७५५ साली वारले. दुसऱ्या रघूजींना १८०३ साली इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. नाव एक, घराणं एक, गादी एक. पेपरात देवगावचा तह दिसला की तिघेही एकदम पुढे येतात आणि भलताच पर्याय काळा होतो. आठवण पुसली गेलेली नसते, तिच्यासारख्याच दुसऱ्या आठवणी मध्ये लुडबुड करतात. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यांचीही अशीच गल्लत होते.

म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी १९०० सालीच दाखवून दिलं होतं की नंतर शिकलेलं आधीच्या आठवणीत अडथळा आणतं. उलटंही घडतं. एटीएमचा पिन बदलला तरी बोटं जुनाच दाबतात, ते यामुळेच.

म्हणून तोच धडा पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. नुसत्या वाचनानं सगळं ओळखीचं वाटू लागतं, आणि पेपरात हीच ओळख दगा देते. एक रघूजी पक्के होईपर्यंत दुसऱ्यांना हात लावू नका. तिघेही झाले की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा आणि आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून पाहा. कोणाची गोष्ट कोणाच्या रकान्यात गेली, तिथे लाल खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त तेवढंच पुन्हा लिहा. पहिल्यांशी बंगाल, दुसऱ्यांशी देवगाव, तिसऱ्यांशी डलहौसी. प्रत्येकाची एक ठळक खूण आधी पक्की करा, बाकीचा तपशील मग तिच्याभोवती जमतो.

आणि झोप मोडू नका. १९२४ साली अमेरिकेत जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली होती. पाठांतरानंतर ते झोपले तेव्हा, तितकेच तास जागे राहिल्यापेक्षा कितीतरी जास्त अक्षरं त्यांच्या लक्षात राहिली. रात्री दोनपर्यंत जागून आणखी एक प्रकरण कोंबण्यापेक्षा अकराला पुस्तक मिटलेलं बरं.

आईवडिलांना एवढीच विनंती: उत्तर चुकलं की "लक्ष कुठे होतं तुझं?" असं विचारू नका. "कोणाशी गल्लत झाली?" असं विचारा आणि कागद घेऊन शेजारी बसा.