दुसऱ्या बैलाला चारा कोण घालणार?



ऊस कारखान्याला गेला, हळद शिजून वाळली, की घराघरांत गाडीचे बोलणे निघते. पैसा हातात यायच्या आधीच पोरे चित्रे दाखवू लागतात. आज गाडीचाच हिशेब मांडू, कारण वाईजवळच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे आणि त्यांचे काम हौसेचे नाही.

ताईंच्या मामंजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. पाचवडवरून, आनेवाडीचा टोलनाका ओलांडून जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. आज भाड्याची जीप करतात. जीपवाला कधी येतो, कधी लग्नाच्या वऱ्हाडाला जातो. म्हणून घरची गाडी घ्यायचे ठरले. उंच बांध्याची, सगळे कुटुंब बसेल अशी. तिलाच हल्ली एसयूव्ही म्हणतात. ताईंचे मालक म्हणतात, हायब्रिड घेऊ. पुण्यात नोकरीला असलेले धाकटे दीर म्हणतात, "दादा, थोडे थांबा. प्लग-इन हायब्रिड घेऊ, ती घरच्या विजेवर चालते." भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत गोष्ट आली आहे. ताई विचारतात, खरे कोणाचे?

आधी दोन्ही गाड्या समजून घेऊ.

हायब्रिड म्हणजे बैलांची जोडी. एक बैल पेट्रोलचा, दुसरा विजेचा. सावकाश चालताना, बाजाराच्या गर्दीत विजेचा ओढतो. वेग वाढला की पेट्रोलचा जुंपला जातो, चढाला दोघेही. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की फिरत्या चाकांतूनच वीज होऊन बॅटरीत जाते. कमी पडली तर इंजिन भरते. या गाडीला वायर लावावी लागत नाही. दुसऱ्या बैलाचा चारा वाटेवरच मिळतो. जपानात टोयोटाने १९९७ साली प्रियस ही अशी पहिली मोठ्या संख्येने विकलेली मोटार काढली. आपल्याकडे मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर २०२२ साली आल्या आणि ही जोडी मध्यम किमतीच्या एसयूव्हीत मिळू लागली. त्यांची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची. चाचणीतला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. आपल्या रस्त्यावर, पाच माणसे बसवून, एसी लावून, वीस धरा.

प्लग-इन हायब्रिडमध्येही जोडीच असते, पण विजेचा बैल दांडगा. बॅटरी दहा-वीस युनिटांची. घरच्या प्लगवर ती भरली, तर पहिले पन्नासएक किलोमीटर पेट्रोलचा थेंबही लागत नाही. मग पेट्रोल सुरू होते आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी पुढे जाते. वाटेत बंद पडायची भीती नाही. दीर म्हणतात ते इतपत खरे आहे.

पण या बैलाला रोज रात्री गोठ्यात चारा घालावा लागतो. घातला नाही, तर तो बैल गाडीत चढवून पेट्रोलच्या बैलाने ओढायचा! मोठी बॅटरी आणि तिचा सरंजाम यांचे वजन साखरेच्या तीन-चार पोत्यांइतके जास्त भरते. न भरलेली प्लग-इन ही महाग आणि जड हायब्रिड होय.

आता पैशाचा हिशेब. सोपा जावा म्हणून पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि वीज बारा रुपये युनिट धरू. तुमच्याकडचा दर निराळा असेल तर तो घालून पाहा.

साताऱ्याच्या एका फेरीला हायब्रिडला साडेतीन लिटर, म्हणजे ३५० रुपये. प्लग-इनला पहिल्या पन्नास किलोमीटरना दहा युनिट, १२० रुपये, उरलेल्या वीस किलोमीटरना एक लिटर, १०० रुपये, एकूण २२०. फेरीमागे १३० रुपये वाचले. महिन्याच्या तेरा फेऱ्या, १,६९० रुपये. वर्षाचे वीस हजार. प्लग-इन पाच लाखांनी महाग धरली, तर तो फरक फिटायला पंचवीस वर्षे! तोवर गाडी राहणार आहे का?

फरक इतका का पडावा? एक तर मोठी बॅटरी महाग. दुसरे, करात सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत निव्वळ विजेच्या मोटारीला ५ टक्के कर आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला मात्र ४० टक्के, मग प्लग असो वा नसो. आणि आजवर आपल्याकडे प्लग-इन आल्या त्या बहुतेक परदेशी, उंची मोटारी. बीएमडब्ल्यूची २०१५ साली आली, व्होल्व्होची २०१६ साली. आता इतर कंपन्याही आणू म्हणतात. येतील तेव्हा त्यांची किंमत पाहून वरचा हिशेब पुन्हा मांडावा.

दुसरा प्रश्न, चारा घालायचा कुठून? पुष्कळांना वाटते, विहिरीवर पंपाची वीज आहे, तिथेच गाडी लावू. असे मुळीच करू नका. शेतीपंपाची जोडणी शेतीपुरतीच. तिच्यावर मोटार भरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. घरच्या मीटरवर रोज दहा युनिट भरले, तर महिन्याला तीनशे युनिट बिलात वाढतात आणि दर वरच्या टप्प्यात जातो. म्हणूनच आपण बारा रुपये धरले. मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. गाडीसाठी स्वतंत्र जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. स्वयंपाकघरातून अंगणात, गोठ्यावरून ओढलेली वायर पावसाळ्यात माणसाच्या आणि जनावराच्या जिवावर बेतते.

घाटाचेही सांगतो, कारण वाईकराला पसरणीचा घाट चुकत नाही. पाचगणीहून उतरताना हायब्रिडची चिमुकली बॅटरी निम्मा घाट उतरायच्या आत भरते. पुढची वीज साठवायला जागाच नसते. म्हणून उतारासाठी दिलेली 'बी' ही खूण वापरा, इंजिनचा रोध मिळेल आणि ब्रेक तापणार नाहीत. प्लग-इनच्या मोठ्या बॅटरीत सबंध घाटाची वीज मावते, ती वरूनच भरून निघाली नसेल तर. पण रोज कोण पाचगणीहून उतरतो?

मग प्लग-इन कोणाची? ज्याची रोजची ये-जा चाळीस-पन्नास किलोमीटर ठरलेली आहे, ज्याच्या दारात हक्काची जागा आणि वीज आहे, आणि जो रात्री न विसरता वायर लावील, त्याची. आणि तीही किमतीतला फरक दोन-अडीच लाखांच्या आत आला तर. फक्त वाईच्या बाजाराला जाऊन येणाऱ्याला ती परवडायची नाही. वाचवायला मुळात पेट्रोलच थोडे लागते.

दुकानात दोन गोष्टी नीट विचाराव्यात. 'स्मार्ट हायब्रिड' आणि 'स्ट्राँग हायब्रिड' यांत मोठा फरक आहे. पहिलीत विजेची मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा पावतीवर नेमका प्रकार लिहून घ्या. आणि डिकी उघडून पाहा. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग प्रकारात बॅटरी मागे बसवल्याने डिकी लहान झाली आहे. हळदीची पोती भरायच्या विचाराने घ्याल तर पस्तावाल. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. त्यांत जबर दाबाची वीज असते.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. या दोहोंत तुमच्या घराला हायब्रिड योग्य. दिरांचे यंत्राचे ज्ञान खरे आहे, त्यांना खोटे पाडू नका. पण मामंजींची फेरी उद्या आहे, परवा आहे. येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात जीपचे भाडे आणि जिवाचा घोर दोन्ही चालू राहतात. मात्र स्ट्राँग हायब्रिड दारात येईपर्यंत वीस लाखांच्या घरात जाते. तेव्हा हाच फेरीचा हिशेब साध्या पेट्रोल गाडीशीही मांडा, आणि दोन भावांनी तो एका कागदावर शेजारी बसून मांडावा. हप्ता उसाच्या बिलावर ठेवणार असाल, तर बिल उशिरा आले तरी फेरी चुकणार नाही एवढी रक्कम आधी बाजूला काढा.

आणि बुकिंगची पावती फाडण्याआधी मामंजींना दुकानात घेऊन जा. डायलिसिसनंतर माणूस थकलेला असतो. पाय किती उचलावा लागतो, दाराशी धरायला काय आहे, मागे मान टेकते का, हे त्यांना बसवूनच कळेल. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांना ती चढता-उतरता आली पाहिजे.