उर्दूतील ज्ञानाचा वारस कोण?

१९१४ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसीचे अध्यापन करणारे तिशीतले सय्यद सुलेमान नदवी आपल्या गुरूंच्या अखेरच्या आजाराची वार्ता मिळताच आझमगडला गेले. गुरू होते शिबली नोमानी. १८ नोव्हेंबरला शिबलींचे निधन झाले आणि पैगंबरचरित्राचे अपुरे राहिलेले काम शिष्याच्या हाती आले. नदवींनी पुण्याची सुखाची सरकारी नोकरी सोडली आणि शिबलींनी आपले घर व आमराई देऊन ज्या संस्थेची योजना आखली होती, ती 'दारुल मुसन्निफीन' सहकाऱ्यांसह उभी केली. जुलै १९१६ मध्ये या संस्थेने 'मआरिफ' हे मासिक सुरू केले. त्यानंतर खिलाफतीचे आंदोलन झाले, दुसरे महायुद्ध झाले, देशाची फाळणी झाली, संस्थाने लयाला गेली. मासिक मात्र चालू राहिले. २०१६ मध्ये त्याने शंभर वर्षे पुरी केली. वैचारिक नियतकालिकांची वर्गणी गोळा करताना ज्यांच्या वहाणा झिजल्या आहेत, त्या कार्यकर्त्यांना या आयुर्मर्यादेचे मोल वेगळे सांगावयास नको.

'मआरिफ'चे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. आरंभी 'शजरात' म्हणजे संपादकाची टिपणे, मग दीर्घ संशोधनपर लेख, विद्याक्षेत्रातील वार्ता, दिवंगत विद्वानांवरील मृत्युलेख आणि नव्या ग्रंथांची परीक्षणे, असा त्याचा साचा पहिल्यापासून ठरलेला आहे. धर्मचर्चा त्यात आहे. तिच्या जोडीला इतिहास, भूगोल, तत्त्वज्ञान आणि वाङ्मयही आहे. साधनांची छाननी केल्यावाचून इतिहास लिहू नये, हा शिबलींचा आग्रह. 'सीरतुन्नबी'च्या १९१८ साली निघालेल्या पहिल्या खंडात त्यांनी आरंभीच आधारग्रंथांची चिकित्सा केली आहे. नदवींनी हीच वाट पुढे चालविली. अरब व भारत यांच्या संबंधांवर त्यांनी अलाहाबादेत व्याख्याने दिली. अरबांच्या नौकानयनावरील व्याख्यानांसाठी ते १९३१ साली मुंबईस आले. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापार, बंदरे आणि अरब खलाशी हा विषय मराठी माणसाच्या अंगणातला. तरीही ती व्याख्याने मराठी वाचकाच्या परिचयाची नाहीत.

या इतिहासाशी बीड जिल्ह्याचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचाही आहे. शिबली १९०१ ते १९०५ या काळात हैदराबाद संस्थानच्या विद्याखात्यात अधिकारी होते. पुढे दारुल मुसन्निफीनला निजाम सरकारचे साहाय्य मिळत राहिले. निजामाची तिजोरी आकाशातून भरत नव्हती. तेलंगणातील रयतेच्या सोबत बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या कुणब्याने भरलेला शेतसारा तिच्यात होता. त्याच तिजोरीतून १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचा धाडसी प्रयोग झाला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार आणला. तेथूनच १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक निघू लागले. बीडचा इतिहासही उर्दूत ग्रंथरूप झाला; काझी मुहम्मद कुतुबुल्लाह यांची 'तारीख-ए-बीर' १८९८ ची आहे.

या वैभवाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ज्या रयतेच्या कष्टावर हा ज्ञानव्यवहार पोसला गेला, तिची मायबोली शाळेत व कचेरीत उपरी होती. मराठीतून शिकण्यासाठी खाजगी शाळा काढाव्या लागत आणि त्यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी असे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, ते याच परिस्थितीत. तेव्हा मराठवाड्यात उर्दूविषयी जी अढी निर्माण झाली, तिच्या मुळाशी केवळ धर्मद्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती राज्यकर्त्यांच्या भाषेविषयीची प्रजेची चीड होती. दोष भाषेचा नव्हता, सरंजामशाहीचा होता. परंतु सरंजामशाही गेली आणि शिक्षा भाषेला झाली.

१९४८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. रझाकारांनी मांडलेल्या अत्याचारांना मराठवाड्यातील गावेच्या गावे बळी पडली. पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उठली आणि तिच्यात निरपराध मुसलमान शेतकरी, कारागीर मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली असून पीडित जिल्ह्यांत बीडचाही समावेश आहे. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. त्यानंतर कचेरीतून उर्दू गेली, जाणे रास्तच होते. पण ती सार्वजनिक जीवनातूनही गेली. ज्या मुलखात हिंदू वकील, कारकून आणि शिक्षक सहजपणे उर्दू वाचीत, तेथे एका पिढीच्या आत उर्दू ही 'त्यांची' भाषा झाली.

कोणतीही ज्ञानपरंपरा अशी एका जमातीच्या हवाली करून मोकळे होण्याचे परिणाम काय होतात, याचा धडा याच मराठवाड्याच्या मातीने दिला आहे. अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादेत झाला. १९३३ मध्ये त्यांनी हैदराबादेत 'तर्जुमानुल कुरआन' या मासिकाचे संपादन हाती घेतले आणि त्याच्या पानांतून इस्लामी राज्याच्या कल्पनेची मांडणी केली. १९४१ साली लाहोरात जमाते इस्लामीची स्थापना झाली. ते मासिकही टिकले, लाहोरहून निघत राहिले. 'मआरिफ'ने प्रश्न विचारण्यास वाव ठेवला. 'तर्जुमान'ने उत्तरे आधीच ठरविली होती. एकाच भाषेत, एकाच धर्माच्या अभ्यासातून, एकाच निजामी छत्राखाली या दोन वाटा फुटल्या. उर्दूतील सारे लिखाण एकाच रंगाचे आहे असे समजणारा हिंदू जातीयवादी आणि मौदूदींची वाट हीच इस्लामची एकमेव वाट असे सांगणारा मुस्लिम जातीयवादी, हे दोघे येथे एकमेकांचे साक्षीदार होतात.

'मआरिफ'ची पूजा बांधण्याचेही कारण नाही. स्वतः नदवी १९५० मध्ये पाकिस्तानात गेले आणि १९५३ साली कराचीत वारले. आझमगडचा दिवा तेवत ठेवला तो शाह मोईनुद्दीन अहमद नदवी, सबाहुद्दीन अब्दुर्रहमान, झियाउद्दीन इस्लाही अशा मागे राहिलेल्या विद्वानांनी. त्यांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. हे ज्ञान प्रामुख्याने 'अश्राफ' म्हणजे खानदानी वर्गाचे राहिले. आझमगडच्या आसपासच्या वस्त्यांतून हातमागाचा खडखडाट अहोरात्र चालतो. परंतु त्या विणकराच्या मजुरीचा, त्याच्या कर्जाचा, इस्लाममधील जातिभेदाचा आणि मुसलमान स्त्रीच्या हक्काचा प्रश्न विद्वत्तेच्या या दालनात क्वचितच मुख्य आसनावर बसला. तो प्रश्न महाराष्ट्रात इतरांनी विचारला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून हमीद दलवाईंनी स्त्रीच्या समान हक्काचा आवाज उठविला. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुसलमानांतील मागास जातींची संघटना बांधली. परंपरेचे सखोल ज्ञान आणि सामाजिक समतेची चळवळ यांची गाठ पडली असती, तर दोघांचेही बळ वाढले असते. ती पडली नाही, ही उणीव दोन्ही बाजूंची आहे.

येथे एक रोखठोक आक्षेप येतो. दिवाळीनंतर कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराला आझमगडच्या मासिकाशी काय करावयाचे आहे? पोट मागे बांधून भाषेच्या गप्पा मारणे हा सुखवस्तूंचा छंद नव्हे काय?

आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्याचे उत्तर मराठवाड्यात अलीकडेच मिळाले आहे. २०२३ साली अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. दप्तरे उघडली, तेव्हा कित्येक नोंदी मोडीत आणि उर्दूत आढळल्या. आणि त्या वाचणारी माणसे हुडकत फिरण्याची पाळी प्रशासनावर आली. ज्या भाषेला परकी ठरविले, त्याच भाषेत आजोबा-पणजोबांची जात आणि जमीन लिहिलेली निघाली! इनामी व वक्फ जमिनींचे 'मुंतखब' हीदेखील याच लिपीतील दस्तऐवजे. जो ते वाचू शकतो, तो ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर सत्ता गाजवितो. त्यात हिंदू कूळ नागवले जाते, तसा दर्ग्याचा गरीब खिदमतगारही. अक्षरांची मक्तेदारी ही जमिनीच्या मक्तेदारीची सख्खी बहीण आहे, हे महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज पडू नये.

इतिहासाच्या बाबतीतही तेच. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापविले गेले आणि नागपुरात दंगल झाली. ज्याच्या नावाने दगड उचलले गेले, त्या औरंगजेबाच्या पत्रांचे चिकित्सक संपादन दारुल मुसन्निफीनमध्ये नजीब अशरफ नदवी यांनी केले होते. हेच नदवी पुढे जोगेश्वरीच्या इस्माइल युसुफ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम उर्दू संशोधन संस्थेचे 'नवा-ए-अदब' हे नियतकालिक त्यांनी चालविले. ती पत्रे वाचून औरंगजेबाचे समर्थन करावयाचे नाही आणि निंदेसाठीही ती वाचावयाची नाहीत. एका साम्राज्याचा आर्थिक व राजकीय ऱ्हास समजून घेण्यासाठी ती वाचावयाची आहेत. हैदराबाद संस्थानच्या मुशीत वाढलेल्या सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे व फारसी साधने मराठीत आणून हा मार्ग दाखवून दिला. त्यांच्या मागून त्या मार्गाने चालणारे किती निघाले, याचा हिशेब मराठी विद्वत्तेने द्यावा.

समाजवादी चळवळीपुढे यातून काही निश्चित कामे उभी राहतात. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील जुनी ग्रंथालये, मदरसे आणि घरे यांतील उर्दू-फारसी ग्रंथांची व नियतकालिकांची गावोगाव मोजदाद झाली पाहिजे, आणि ती करणाऱ्या पथकात हिंदू व मुसलमान तरुण एकत्र असले पाहिजेत. निजामकालीन दप्तर वाचण्याचे शिक्षण शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत द्यावे. मोडी व उर्दू या दोन्ही लिप्यांचा त्यात समावेश असावा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने व उर्दू अकादमीने सन्मान-सोहळ्यांचा खर्च आवरून 'मआरिफ'सारख्या नियतकालिकांतील निवडक संशोधन मराठीत आणि मराठी संतांचे, सत्यशोधकांचे लेखन उर्दूत आणण्याची संयुक्त योजना आखावी. उर्दू शाळांतील रिक्त जागा भराव्यात आणि त्याच शाळांत उत्तम मराठी शिकविण्याची व्यवस्था करावी. कारण मराठी न येणारे मुसलमान पोर नोकरीच्या दारातच अडते आणि मग त्याचा हात धरावयास धर्माचे ठेकेदार टपलेलेच असतात.

ही कामे निधीअभावी अडणार नाहीत. अडतील ती इच्छेअभावी. मतांच्या बेरजेत उर्दूचे नाव घेणारे पक्ष मुशायऱ्याला हजेरी लावतात आणि शाळेच्या गळक्या छपराकडे पाठ फिरवितात. दुसरीकडे उर्दूची पाटी दिसली की अस्मितेचा शंख फुंकणाऱ्यांना आपल्याच सातबाराचा पूर्वेतिहास त्या लिपीत आहे, याची जाणीव नसते.

बीडच्या शेतकऱ्याने सारा भरला, त्यातून ज्ञान उभे राहिले आणि ते ज्ञान त्याच्या घरी कधी पोचलेच नाही. या व्यवहारातील थकबाकी अद्याप वसूल व्हावयाची आहे. ती मागण्याचा पहिला हक्क ज्याच्या घामाचा पैसा त्यात गेला त्याचा आहे. मग तो पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन निघणारा असो की शहेनशाहवलींच्या उरुसाला चादर घेऊन जाणारा असो. त्या दोघांना एका बाकावर बसवून ती जुनी पाने वाचावयास लावणे, हे काम कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळी शिबिरापासूनच हाती घ्यावे.