कागदी फुलें आणि जुने हात

एखाद्याच्या बोलण्यांत वरवरची शोभा दिसली आणि आंत कांहीं सांपडलें नाहीं, म्हणजे आपण त्यास ‘कागदी फुलें’ असें नांव देऊन मोकळे होतों. सुवास नाहीं, मध नाहीं, उद्यां फळ धरण्याची आशा नाहीं. मग अशा फुलाचा उपयोग तो काय? आम्हीही गेल्या वर्षापर्यंत असेंच म्हणत होतों. आतां आमचें मत पालटलें आहे, आणि तें कां पालटलें हें आमच्या बंधुभगिनींस व त्यांच्या आईबापांस सांगावें, एवढ्यासाठींच हा लहानसा लेख आहे.

गेल्या दिवाळीपूर्वीं आम्ही कांहीं विद्यार्थी नगर शहराजवळच्या एका वृद्धाश्रमांत गेलों होतों. जातांना रंगीत कागदाच्या पाकळ्या घरींच कापून, मोजून, पाकिटांत भरून नेल्या होत्या. तेथील आजीआजोबांनीं त्या केवळ खळीनें चिकटवावयाच्या होत्या. त्यांच्या हातीं कात्री देणें बरें नव्हे, असें आम्हीच आपल्या मनाशीं ठरवून टाकलें होतें. थोड्या वेळानें एका आजीबाईंनीं आपलें पाकीट बाजूस सारलें आणि शांतपणें विचारलें कीं, बाळांनो, तुम्ही आम्हांस काम देण्यास आलां आहां, कीं खेळविण्यास? ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मग त्यांनीं कात्री मागून घेतली. क्रेप कागदाची लांब पट्टी कापून तिची एक कड दातेरी केली, पट्टी बोटाभोंवतीं गुंडाळीत नेली, खालीं दोरा आवळला आणि वरची कड अंगठ्यानें उलगडली. पाहतां पाहतां टपोरा झेंडू तयार झाला. त्यांच्या माहेरीं लग्नाच्या मांडवास अशींच फुलें लावीत असत. आमचीं पाकिटें तशींच राहिलीं, आणि आम्ही त्यांच्याभोंवतीं शिकण्यास बसलों.

त्या दुपारीं आम्हांस पुष्कळ कळलें. क्रेप कागदाच्या सुरकुत्या ज्या दिशेनें जातात, त्या दिशेनें पाकळीची लांबी धरावी. म्हणजे ती रुंदीकडे ताणतां येते आणि मध्यें वाटीसारखी खोल होते. आडवी कापली तर ती ताठच राहते. पतंगाच्या पातळ कागदास खळ बेतानेंच लावावी, नाहीं तर रंग उतरून पसरतो. कमळाच्या पाकळीची कड कात्रीनें कापण्यापेक्षां हातानें फाडली तर अधिक खरी दिसते. आणि ज्यांच्या बोटांचे सांधे धरले आहेत, त्यांस हें फाडणेंच सोपें जातें. मोठा कागद, मोठ्या मुठीची कात्री, खिडकीजवळची जागा आणि अर्ध्या तासानें थोडी विश्रांति, एवढी सोय केली म्हणजे ज्या हातांस आपण निकामी समजतों, ते आपल्यापेक्षां सफाईनें काम करितात.

ह्या कामास ऋतूची जोड दिली, तर त्याची गोडी वर्षभर टिकते. संक्रांतीस पतंगांसाठीं प्रसिद्ध असलेलें येवलें आपल्या कोपरगांवास लागूनच आहे; सणानंतर उरलेला फाटका पतंगाचा कागद फुलांस फार उपयोगी पडतो. फाल्गुनांत पळस करावा, ईस्टरला पांढरी लिली, वैशाखांत बहाव्याचे पिवळे घोंस, भाद्रपदांत गौरीपुढील तेरडा, दसऱ्यास झेंडू आणि नाताळास तारे. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद ह्यांचे मोहरमचे ताबूतही ह्याच कलेचे सोयरे होत. अशा रीतीनें एकाच कात्रीभोंवतीं निरनिराळ्या धर्मांचीं माणसें बसूं शकतात.

ऋतूचें फूल हातांत आलें म्हणजे त्या ऋतूची आठवणही येते, हें आम्ही प्रत्यक्ष पाहिलें. आज वार कोणता हें ज्या आजोबांस सांगतां येत नव्हतें, त्यांनीं पळसाची पाकळी पोपटाच्या चोंचीसारखी वळली पाहिजे, म्हणून आमचें फूल परत केलें. मग पळसाचीं फुलें उकळून होळीचा रंग कसा करीत, तें सांगितलें. आणि तेथून बोलणें १९७२ च्या दुष्काळावर गेलें. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दुष्काळाच्या वांट्यास चारदोन ओळी येतात. आजोबांजवळ तो सबंध होता.

म्हातारपणीं नवें काय व्हावयाचें, असें कोणी म्हणेल. इंग्लंडांत मेरी डेलानी नांवाच्या बाईंनीं रंगीत कागद कापून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांचें वय ७२ वर्षांचें होतें. पुढील दहा वर्षांत, दृष्टि अधू होईपर्यंत, त्यांनीं सुमारें एक हजार फुलें केलीं. तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. ज्यांच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें ह्याच नगरांत गेलीं, त्या लक्ष्मीबाई टिळकांस शाळेचें शिक्षण लाभलें नव्हतें. तरी ‘स्मृतिचित्रें’ ह्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांनीं पासष्टी ओलांडली होती. वृद्धांच्या मनांत व हातांत काय सांठलें आहे, हें त्यांस काम मिळाल्यावांचून कळत नाहीं.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणें आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसें दहा कोटींहून अधिक होतीं. त्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर आहे, असें सांगणारा कायदा २००७ सालीं झाला. तो योग्यच आहे. परंतु कायदा अन्न, वस्त्र आणि औषध देववील. ‘हें तुमच्यावांचून अडलें आहे’ हे शब्द तो कोणाच्या तोंडीं घालूं शकत नाहीं. ते घरच्या माणसांनींच बोलावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें २०१९ सालीं तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, कलेचा आरोग्यास उपयोग होतो असा अहवाल दिला. तरी कागदाचें फूल हें औषध आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. तें एक काम आहे, आणि काम असणें हीच मोठी गोष्ट आहे, एवढेंच आम्ही म्हणतों.

एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. नगर व पारनेर ह्या तालुक्यांत शेवंती व झेंडू पिकविणारे शेतकरी आहेत. आमच्यांतील कित्येक त्यांचींच मुलें आहेत. कागदी फुलांनीं त्यांच्या पोटावर पाय येणार नाहीं काय? आमच्या मतें येणार नाहीं. त्यांचें नुकसान करणारें फूल प्लास्टिकचें आहे. तें एकदां विकत घेतलें कीं वर्षानुवर्षें धुऊन वापरतात, आणि टाकल्यावर तें मातींत मिळत नाहीं. महाराष्ट्र शासनानें मार्च २०१८ मध्यें प्लास्टिक व थर्माकोलच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हांपासून सजावटीस कागदाकडे वळण्याचें कारण वाढलेंच आहे. पूजेस, हारास आणि वेणीस ताजेंच फूल असावें. कमानीस, पडद्यास आणि भिंतीस कागदाचें चालेल. आमच्याच स्नेहसंमेलनाच्या कमानीवर कधीं कधीं प्लास्टिकच्या माळा लोंबतात, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. शाळेनें दर ऋतूंत एक शनिवार राखून विद्यार्थ्यांच्या आजीआजोबांस बोलवावें, पण पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. आणि संमेलनाची कमान त्यांच्या देखरेखीखालीं बांधावी. पालकांस दुसरी विनंती अशी कीं, घरांतील वृद्धांनीं केलेलें फूल वाकडें झालें तरी तें मागाहून गुपचूप नीट करूं नये. आम्ही एकदां तसें केलें आणि पकडले गेलों.

त्या आजीबाईंनीं केलेला झेंडू आमच्या वर्गाच्या कपाटावर आहे. रंग थोडा उडाला आहे. त्या फुलास सुवास नाहीं हें खरें. परंतु त्याकडे पाहिलें कीं, आपल्या घरच्या कोपऱ्यांत कोणी रिकामें बसलें आहे काय, हा प्रश्न मनांत येतो. येत्या सणास, वाचकहो, कात्री त्यांच्या हातीं द्या, आणि आपण शेजारीं शिकावयास बसा.