दोन इंचांचा माज

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीतल्या कुठल्याही पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दहा गाड्यांमागे एक तरी गाडी अशी दिसेलच, की जी बघून वाटावं, साहेब ऑफिसातून थेट लडाखला निघालेत. टपावर कॅरिअर, त्यावर जेरी कॅन, पुढे दिव्यांची रांग, आणि टायर असे, की आत चढायला स्टूल हवं. साहेब जातात वाकडला. फार तर महाबळेश्वरला.

हसू नका, आमच्या घरी तेच होतं.

धाकट्या भावाने गेल्या वर्षी सेकंडहँड फोर बाय फोर घेतली. चौकोनी, डब्यासारखी, सात जण मावतील अशी. कंपनी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. त्याचं स्वप्न खरं तर मोठ्या व्हॅनचं होतं. अमेरिकेत फोर्डच्या व्हॅनना फोर बाय फोर करून देणारी क्विग्लीसारखी कंपनी पेनसिल्व्हेनियात आहे, त्यांचे व्हिडिओ तो जेवताना बघायचा. फोक्सवॅगनने 1985 मध्ये ट्रान्सपोर्टरची ‘सिंक्रो’ काढली, तिचं चारही चाकं फिरवायचं काम ऑस्ट्रियातल्या श्टायर-डाइमलर-पुखने केलं, हे आमच्या आईलासुद्धा आता पाठ आहे. रशियाची ‘बुहान्का’ तर 1965 पासूनची. बुहान्का म्हणजे पावाची लादी, आणि गाडी दिसतेही तश्शीच.

आपल्याकडे व्हॅन म्हटलं की आकुर्डीच आठवणार. बजाज टेंपोची मॅटाडोर, मग 1987 मध्ये आलेली ट्रॅव्हलर. ‘टेंपो’ हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. आपण ते इतकं आपलंसं केलं, की आता कुठल्याही कंपनीचा टेंपो हा टेंपोच. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. व्हॅनइतकी जागा आणि फोर बाय फोर दोन्ही एकत्र हवं असेल, तर सर्वांत जवळची गाडी म्हणजे त्यांचीच पाच दरवाजांची गुरखा. ती 2024 मध्ये आली: सात सीट, 2.6 लिटरचं डिझेल इंजिन, 140 पीएस, जमिनीपासून 233 मिमी उंची, पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक, आणि स्नॉर्केलही कंपनीचाच. म्हणजे शोरूममधून निघतानाच ती महाबळेश्वरच्या गरजेपेक्षा चौपट तयार असते.

भावाची गाडीही थोडीफार त्याच जातीची. पण जे आहे ते पुरे, असं सत्ताविसाव्या वर्षी कुणाला वाटतं? पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये तिला ‘लिफ्ट’ केलं. चारही स्प्रिंगांवर जाड चकत्या, म्हणजे स्पेसर, घालून गाडी दोन इंच वर. वर 29 ऐवजी 31 इंची टायर. पुढे लोखंडी बुल बार. सगळा मिळून खर्च ऐकल्यावर बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

जुलैत आईला घेऊन आम्ही महाबळेश्वरला गेलो. तिचं माहेर वाईचं, त्यामुळे पसरणी घाट म्हणजे तिचं अंगण. जाताना सगळं फुल टू मस्त. पाचगणीपर्यंत धुकं, वेण्णा लेकवर मक्याचं कणीस, पाऊस असा की छत्रीने हात टेकावेत. (वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो तिथे. 2021 च्या जुलैत तर एका दिवसात सहाशेच्या जवळपास पडला होता.) भाऊ खुशीत. लोक वळून बघत होते ना!

परतताना पाचगणी सोडलं आणि उतारावर डावीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवलं की ‘घस्स’ असा आवाज यायला लागला. पहिल्या वळणावर भाऊ म्हणाला, चिखल असेल. दुसऱ्या वळणावर त्याने गाण्याचा आवाज वाढवला. तिसऱ्या वळणावर आई म्हणाली, “गाणं बंद कर, आणि हळू घे.” एवढंच. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात उतरलो.

वाईला मामाकडे थांबलो. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आयुष्य बसच्या खाली गेलेलं. चहा ठेवायला सांगून ते टॉर्च घेऊन थेट पुढच्या चाकापाशी बसले.

“आरं, हे बघितलंस का?”

ब्रेकचा रबरी होज. मोठा टायर वळताना त्याला घासत होता. गाडी उचलल्यामुळे होज आधीच ताणलेला, त्यात हे. वरचं रबर गेलेलं, आतली दोऱ्यांची वीण बाहेर आलेली. मामांनी भावाला ब्रेक दाबायला सांगितला. त्या जागी होजला बारीकसा फुगा आला. पाय काढला, फुगा गेला.

“अजून किती चालला असता, मामा?” भावाने विचारलं.

“ते मी कसं सांगू? एक जोरात ब्रेक, न्हाईतर हजार.”

आई ओट्यावर चहा पीत होती. तिने ऐकलं की नाही, आम्ही विचारलं नाही.

आता थोडं गणित, कारण मला ते त्या रात्री मामांनी कागदावर शिकवलं आणि ते ऑफिसातल्या कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा भारी होतं. पाचगणी ते वाई बारा-तेरा किलोमीटर. तेवढ्यात गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसकट अडीच टनांची गाडी तेवढी उतरते तेव्हा जी ऊर्जा निघते, तिच्यात चाळीस लिटर गार पाणी उकळेल. ती कुठे तरी जायलाच हवी. थोडी वाऱ्यात जाते, बरीच इंजिन खातं, बशर्ते गाडी खालच्या गिअरमध्ये असेल. नाही तर सगळी ब्रेकमध्ये. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग आहेत अजून. आणि इंजिन बंद केलंत, तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही दोन-चार दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं. म्हणून मामांचा नियम: ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा.

दुसरं गणित टायरचं. 29 चे 31 केले की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे सात टक्के जास्त पुढे जाते. स्पीडोमीटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो 80 दाखवतो तेव्हा तुम्ही 85 च्या पुढे असता. गिअर जणू सात टक्क्यांनी लांब होतात, म्हणजे चढाला गाडी मरगळते आणि उताराला इंजिनाचा लगाम सैल पडतो. वर जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच.

तिसऱ्याने तर भावाचा चेहराच उतरला. त्याच्या गाडीचा मागचा अॅक्सल अखंड आहे. स्प्रिंगवर स्पेसर घातला की बॉडी वर जाते. अॅक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो. दगडाला आपटतो तो नेमका हाच गोळा! तो वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. आणि दोन इंच मोठा टायर त्याला वर नेतो फक्त एक इंच, कारण उरलेला इंच वरच्या बाजूला जातो. म्हणजे एवढा खर्च करून खऱ्या कामाचा मिळाला एक इंच. बाकी सगळा वजनाचा मध्य वर गेला. पसरणीच्या वळणावर गाडी बाहेर झुकते ती त्याने. पुढच्या चाकांच्या छोट्या शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरायला लागतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो, आणि मग वळताना कटकट कटकट.

“मग मामा, तुमची एसटी कशी जाते वर?” मी विचारलं.

“मागच्या दोन चाकांवर. पण ब्रेक, टायर आणि ड्रायव्हर बघून सोडायचो आम्ही.”

खरंय की! बुकिंग केलेल्या रिसॉर्टपर्यंत डांबरी रस्ता असताना फोर बाय फोरचं काम काय? उलट कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये टाकून घाट चढणारे बरेच असतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हा फरक पचवायला मध्ये एक डिफरन्शियल किंवा क्लच असतो. साध्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये तो नसतो. पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही, आणि तो गिअर-शाफ्ट सोसतात. स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळायला लागली, तर समजा की लिव्हर चुकीच्या जागी आहे.

कायद्याचं प्रकरण आम्ही पुण्यात आल्यावर वाचलं, म्हणजे उलट्या क्रमाने. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी फारकत होईल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या 182-अ कलमात नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. बुल बारवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पण मला खरा घाम फुटला तो इन्शुरन्सने. न कळवलेले बदल निघाले, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. म्हणजे त्या दिवशी होज फुटून समोरच्या स्कूटरवाल्याला काही झालं असतं, तर... जाऊ दे.

ज्यांना खरंच गाडीत राहायचंय त्यांच्यासाठी रीतसर रस्ता आहे. मोटर कॅराव्हॅनचे वेगळे नियम आहेत, महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आणि गाडी कितीही दणकट असो, पठारावर घालू नका प्लीज. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. जांभ्यावरचा तो मातीचा पातळ थर एका चाकोरीने उखडला की पावसात वाहूनच जातो.

आता भावाची गाडी परत कंपनीच्या उंचीवर आहे. टायर मूळ मापाचे, फक्त नक्षी ऑल टेरेनची, आणि स्टेपनीसकट पाचही एकसारखे, कारण फोर बाय फोरमध्ये एक झिजलेलं आणि एक नवं चाक म्हणजे पुन्हा तोच ताण. दोन नवे होज. डिफरन्शियलच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर नेलीय. गरम डिफरन्शियल ओढ्याच्या पाण्यात बुडालं की आत श्वास ओढतं, नळी खाली असेल तर पाणीच ओढतं. पावसाळ्यानंतर तिथलं ऑइल थोडं काढून बघायचं. कोल्ड कॉफीसारखं दिसलं तर बदलायचं. महाबळेश्वरहून आलं की आधी खालून धुवायचं, वरची लाली नंतर. तो तांबडा चिखल चॅसीच्या कोपऱ्यात बसला की ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर किलोमीटरभर फोर बाय फोर, नाही तर ऐन वेळी लिव्हर हलत नाही. आणि दर सर्व्हिसिंगला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टॉर्चने होज बघणं. हे काम भाऊ स्वतः करतो, कुणाला करू देत नाही.

दिवाळीत पुन्हा वाईला गेलो होतो. ते चार स्पेसर मामीने कॉटच्या पायांखाली घातलेत. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, गादीला लागत नाही म्हणे. पुढचे आणि मागचे एका जाडीचे नव्हते, त्यामुळे उशाची बाजू अर्धा इंच वर आहे. मामांना तशीच झोप लागते.