गोळी आज, पुरळ महिन्याने

“औषध बाधायचे असते, तर पहिल्याच गोळीला बाधले नसते का?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. पेनिसिलीनच्या सुईनंतर तासाभरात अंगावर गांधी उठतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. पण काही औषधे सावकाश बाधतात, आणि तीही जिवावर बेततात.

भिवंडीजवळचे शेलार हे यंत्रमागांचे गाव. समजा, तिथला एक कामगार सांधेदुखीवर रोज मेफेनामिक ॲसिडची गोळी घेत आहे. तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप भरतो, तोंड सुजते, अंगभर लाल पुरळ उठते. घरचे म्हणतात, गोवर! उशाशी कडुनिंबाचा पाला येतो, आणि तापावर पुन्हा तीच गोळी दिली जाते. कारण ती तापावरही चालते. दुखण्याचे मूळच औषध म्हणून पोटात जाते!

या गोळीच्या अशा उपद्रवाबद्दल गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ साली इशारा दिला. त्या विकाराला डॉक्टर ‘ड्रेस’ म्हणतात. औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी तो उद्भवतो. काखेत, मानेत अवधाण येते. यकृत बिघडून कावीळही होते. फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, सल्फाच्या गोळ्या, युरिक ॲसिडवरील ॲलोप्युरिनॉल, कुष्ठरोगावरील डॅप्सोन यांनीही असे क्वचित होते.

दुसरा प्रकार अधिक उग्र. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली तो वर्णिला. बहुधा पहिल्या चार आठवड्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात व गुप्तांगावर फोड येतात, कातडी दुखते आणि भाजल्यासारखी सुटू लागते.

तेव्हा वाचकहो, नव्या औषधानंतर दोन महिन्यांत ताप आणि पुरळ एकदम आले, तर पहिला संशय औषधावर घ्या. त्यातून तोंड सुजले, फोड आले, डोळे वा तोंड आले, तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका. फिट्सचे औषध असेल तर त्याच दिवशी त्याऐवजी दुसरे मागा. १०८ ला फोन करा, आणि दोन महिन्यांतली सगळी पाकिटे, काढे, भस्मेसुद्धा, रुग्णालयात बरोबर न्या.

बरे झाल्यावर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून आधार कार्डाजवळ ठेवा. ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचे नाही. यंदा दिवाळीची आवराआवर करताना गोळ्यांचा डबाही एकदा उघडून पाहा. नाव नसलेली गोळी फराळाच्या ताटाइतक्या सहज कुणापुढे करू नये!